खंडेनवमीला उतरलेलं झुंबर

राजवाडा बघायला गेल्यावर लोक सिंहासन कुठं आहे ते विचारतात. मी आधी वर बघते. सांगलीला आमचं मंगल कार्यालय आहे. तिथले उंचावरचे दिवे, पंखे आणि कोळिष्टकं हा विषय कायम माझ्याकडे असतो. त्यामुळे कुठल्याही भव्य दालनात शिरले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे पुसतात कसं?

या प्रश्नापायीच मला सिंधुदुर्गातल्या एका लहानशा राजवाड्याचं आमंत्रण मिळालं. आमच्या कार्यालयात एका लग्नाला तिथल्या बाईसाहेब आल्या होत्या. शिडीवर चढलेल्या माणसाला दिव्याची काच कशी पुसायची, ते मी खालून ओरडून सांगत होते. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे खंडेनवमीला या. त्या दिवशी आमचं दरबारातलं झुंबर खाली उतरतं. वर्षातून एकदाच." मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याला नंतर कळवलं.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथं हॉटेल नाही, तिकीट नाही, माणसं राहतात. उद्या कोणी गाडी घेऊन दारात उभं राहिलं तर त्यांची पंचाईत. कणकवलीहून आत, एवढं पुरे.

सावंतवाडी, अष्टमी

सोबत माझी मोठी नणंद होती, विजूवन्सं. वन्संना दोन गोष्टींचं वेड, मासे आणि स्वच्छता. पैकी मासे नवरात्रात चालत नाहीत, हे त्यांना आंबोलीचा घाट उतरताना आठवलं.

"सुरेखा, तू मुद्दाम हे दिवस निवडलेस," त्या म्हणाल्या आणि सावंतवाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

इथला राजवाडा तळ्याकाठी आहे, तांबड्या चिऱ्याचा. चिरा म्हणजे कोकणातला जांभा दगड, खाणीतून सरळ विटेसारखा कापून काढतात. आमच्याकडचा काळा दगड उन्हात डोळ्यांवर येतो, हा मात्र पाऊस पिऊन गडद झाला होता आणि कमानींच्या कडेला हिरवी शेवाळं धरून बसला होता. आत गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे पत्ते, पण गोल, हातानं रंगवलेले, दशावताराचे. एका बाईंच्या हातात रुपयाएवढ्या गोलात मत्स्य उतरत होता. मी इतकी वाकून बघत होते की त्या म्हणाल्या, "सावली पडता हां, जरा मागे." मी मागे सरले, पण हलले नाही.

वन्संनी बाहेर आल्यावर एकच मत दिलं, "फरशी चांगली ठेवलीय." त्यांच्याकडून ही मोठी दाद.

खंडेनवमी, सकाळ

बाईसाहेबांचा राजवाडा बाहेरून राजवाडा वाटतच नाही. उतरतं कौलारू छप्पर, चिऱ्याचं जोतं, पुढं लांबलचक ओसरी. श्रीमंत खोताचं घर असेल असं वाटावं. बाईसाहेब म्हणाल्या, "इथं पाऊस राजालाही विचारत नाही. वर मनोरे आणि घुमट करून काय उपयोग? जे काही करायचं ते आत."

आणि आत काय केलंय! ओसरी ओलांडून मी दरबारात पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. मागून येणाऱ्या वन्सं माझ्यावर आदळल्या.

पहिल्यांदा उजेड दिसला. खिडक्यांना काच नाही, शिंपल्या आहेत. समुद्रातल्या चपट्या शिंपल्या घासून पातळ केलेल्या, लाकडी चौकटीत माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या. गोव्याकडची ही पद्धत. बाहेर आश्विनातलं कडक ऊन आणि आत मात्र दुधातून गाळून आल्यासारखा प्रकाश. भिंतींना चुन्याचा गिलावा, इतका घोटलेला की मला त्यात माझ्या साडीचा हिरवा रंग दिसत होता. खांब फणसाच्या लाकडाचे, जुन्या तुपासारख्या पिवळ्या रंगाचे, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं. आमच्याकडे असतं तर कमळ कोरलं असतं. इथं परसात जे उगवतं तेच खांबावर चढलं होतं.

छत बघितल्यावर मी काल सावंतवाडीत का वाकले होते ते मलाच कळलं. सबंध छत गोल चित्रांनी भरलेलं होतं. गंजिफाच, पण एकेक पान परातीएवढं. तांबड्यावर पिवळा वराह, हिरव्यावर वामन, काळ्यावर नरसिंह, आणि वर लाखेचा थर, त्यामुळे रंग कालच लावल्यासारखे. दहाही अवतार एका मोठ्या वर्तुळात मांडलेले आणि मधोमध लाकडाचं कोरीव फूल. त्या फुलातून एक दोर खाली आला होता आणि दोराला झुंबर.

"बापरे," वन्सं म्हणाल्या. "धूळ बघ केवढी."

धूळ होतीच, पण काय झुंबर होतं! तीन मजली. पितळी सांगाडा, त्याला हातभर लांबीच्या फांद्या, प्रत्येक फांदीवर काचेची तेलाची वाटी आणि सगळ्यावर लोलकच लोलक. विजेची तार नाही. उद्या दसऱ्याला खोबरेल तेल घालून वाती लावतात, एरवी कोपऱ्यातल्या ट्यूबलाइटवर काम चालतं.

हे खाली कसं आणतात ते मला बाईसाहेबांनी माळ्यावर नेऊन दाखवलं. छताच्या वर लाकडी चाक आहे. चाकावरून जाणाऱ्या दोराचं एक टोक झुंबराला आणि दुसरं एका पेटीला. पेटीत चिऱ्याचे तुकडे भरलेले. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत ही पेटी वरखाली होते. झुंबर खाली आलं की पेटी वर येते, पेटी खाली गेली की झुंबर वर. झुंबर पेटीपेक्षा जरासंच जड. त्यामुळे उतरवताना दोर खुंटीला वेढे देऊन हळूहळू सोडायचा, चढवताना विहिरीतून कळशी काढावी एवढा जोर लावायचा. इतकं साधं आणि इतकं चोख! मी टाळ्या वाजवायच्याच बाकी होते. आमच्या कार्यालयात मी दर वर्षी माणसं शिडीवर चढवते आणि खाली देवाचं नाव घेत उभी राहते.

खाली आलो तर दरबारात वाद पेटला होता.

हा दोर कोणीही धरत नाही. त्याचा मान गावातल्या एकाच घराचा, खालच्या वाडीच्या गावड्यांचा. घरातले वडील, त्यांना सगळे दाजी म्हणतात, ते आजवर दोर धरत आले. यंदा दाजींची कंबर गेली. ते खुर्चीत बसूनच आले होते, चौघांनी उचलून. मुलगा महेश गोव्याच्या हॉटेलात कामाला. दसऱ्याच्या गर्दीमुळे त्याची रजा ऐन वेळी रद्द झाली होती. राहिली सून, स्नेहल. तिशीची, पदर खोचलेला, हातात फोन. ती महेशला सारखी फोन लावत होती आणि तो "बघतंय, बघतंय" म्हणत होता.

घरातलं कोणीच दोर धरायला नसलं तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर वरच्या वाडीचं, आबांचं. आबा हजरच होते. काडीसारखे बारीक, पांढरी टोपी, तोंडात पान.

"एकदा गेलेलो मान परत येणा नाय," बाईसाहेबांचा स्वयंपाकी माझ्या कानाशी म्हणाला. "माझ्या आज्याचो पालखीचो मान असोच गेलो."

"मी धरतंय ना दोर," स्नेहल म्हणत होती. "घरातलीच आसंय मी."

"अगो, आजपर्यंत खयच्या बाईन धरल्यान?" आबा.

"मग नको म्हणान खंय लिवलेला आसा?"

असं कुठं लिहिलंय का, ते मी विचारून बघितलं. गुरवांनी गावकऱ्यांकडे बघितलं, गावकऱ्यांनी दाजींकडे. दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "वाद नको. आबाक देवया."

स्नेहलचा चेहरा उतरला. सासऱ्यांनीच असं म्हटल्यावर ती कोणाशी भांडणार?

बाईसाहेबांनी मधला मार्ग काढला. आत्ता उतरवायचं काम स्नेहलनं करावं, दाजींच्या नावानं. चढवायचं कोणी, ते संध्याकाळी. तोवर महेश आलाच तर प्रश्नच मिटला.

आबांनी पिंक टाकायला बाहेर जाता जाता मान्यता दिली. "उतरवूक देवा. उतरवण्यात मान नाय, चढवण्यात आसा."

मग गुरवांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कामाआधी नारळ फोडतात आणि मोकळे होतात. इथं देवाशी चक्क बोलतात, सविस्तर, मोठ्यानं, आणि दर वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा!" म्हणतात. वन्संना हे इतकं आवडलं की दुसऱ्या वाक्यापासून त्यांचा आवाज सगळ्यांत वर होता.

स्नेहल माळ्यावर गेली. चाक कुरकुरलं आणि ते अवाढव्य झुंबर पानावरून थेंब उतरावा तसं खाली येऊ लागलं. मी श्वास रोखून बघत होते. जमिनीपासून हातभर वर ते थांबलं. एक लोलकसुद्धा वाजला नाही.

"जमला," आबा नाइलाजानं म्हणाले.

खंडेनवमी, दुपार

फरशीत मधोमध एक लोखंडी कडी आहे. स्नेहलनं खाली येऊन झुंबराचा सांगाडा त्या कडीला दोरीनं घट्ट बांधला आणि आम्ही सगळे कामाला बसलो. पाहुणी म्हणून मला पाट दिला होता, मी तो वन्संना दिला आणि बाह्या सरसावल्या. लोलक काढायचे, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायचे, साध्या पाण्यातून काढायचे, जुन्या धोतरानं कोरडे करायचे. पहिला लोलक पुसून मी खिडकीसमोर धरला तर समोरच्या भिंतीवर सात रंगांचा पट्टा उमटला. मी सगळ्यांना ओरडून दाखवला. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं, तरी सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. चांगली माणसं.

मधे जेवण झालं. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचं, वर सोलकढी. माशांचं दुःख वन्सं विसरल्या. तिसरी आंबोळी घेताना त्यांनी स्नेहलला विचारलं, "ते चाक असं बिनआवाजी कसं चालवलंस?"

"चार वर्षां बाबांच्या मागे हुबी रवलंय," स्नेहल म्हणाली. बाबा म्हणजे सासरे. "तेंका कंदील धरूक कोणतरी लागता. बघून बघून जमला."

म्हणजे बायकांनी माळ्यावर जायचं नाही, असंही काही नव्हतं. कंदील धरायला चालत होतं.

जेवणानंतर माणसं जरा पांगली. सगळे लोलक आणि वाट्या आता चादरींवर सुकत होत्या. कडीला बांधलेला नुसता पितळी सांगाडा उभा होता. मी नरसिंहाच्या खाली आडवी पडून छत बघत होते. (राजवाडा खरा बघायचा तर आडवं पडूनच बघावा.) वन्संना मात्र सांगाड्याखालची फरशी दिसली. कडीभोवती वर्षाची माती आणि तेल साचलेलं. त्यांनी फडकं घेतलं. कडी नीट पुसता येईना म्हणून त्यांनी दोरी सोडली.

आता हिशेब बघा. पेटीतले दगड भरलेल्या झुंबराला तोलतील एवढे. झुंबराची काच सगळी चादरीवर. सांगाडा हलका, पेटी जड.

सांगाडा निघाला वर. अगदी सावकाश, मानानं, निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्यासारखा.

"सुरेखाऽ!" वन्संनी फडकं टाकून दोन्ही हात वर केले, जणू त्याला थांब म्हणत होत्या. मी उठेपर्यंत तो त्यांच्या हाताबाहेर गेला असता. दारात आबा पान लावत बसले होते. म्हातारा काय चपळ! पानाचा डबा उडाला, टोपी उडाली, आबांनी धाव घेऊन सांगाड्याच्या खालच्या फांदीला मिठी मारली.

सांगाडा थांबला. क्षणभर विचार केला. आणि आबांना घेऊन परत निघाला.

"अरे माका धरा! मी चललंय!"

आबा जमिनीपासून कमरेइतके वर, पाय हवेत सायकल मारतायत, आणि वर दशावतार बघतायत. वन्संनी त्यांचा एक पाय धरला. मी दुसरा धरला. तेवढ्यात स्नेहल परसातून धावत आली, एकदा वर बघितलं आणि माळ्याकडे पळाली.

"ओढू नकात!" जिन्यातून तिचा आवाज आला. "नुसते धरून रवा!"

वर दगडावर दगड ठेवल्याचा आवाज येऊ लागला. पेटीतला एकेक चिरा ती काढत होती. प्रत्येक आवाजासरशी आबा वितभर खाली येत होते. शेवटी त्यांचे पाय फरशीला टेकले, मी कडीला दोरी बांधली, दोन गाठी जास्तीच्या मारल्या, आणि आबा तिथंच बसले.

आरडाओरडा ऐकून पांगलेली माणसं दारात जमली होती. मग खुर्चीतले दाजी हसायला लागले. कंबर धरून हसत होते. "अरे आबा, मानासाठी इतको उडतंस?"

"हसा, हसा," आबा टोपी शोधत म्हणाले. "मी धरलंय नसतंय तर छताक भोक पडला असता. नरसिंव तुमच्या डोक्यार इलो असतो."

वन्संनी माफी मागितली. आबांनी त्यांच्याकडे वर-खाली बघितलं. "ताई, पुसलास तरी नीट?"

"पुसलं," वन्सं म्हणाल्या.

खंडेनवमी, संध्याकाळ

ऊन उतरलं तशा शिंपल्यांच्या खिडक्या गुलाबी झाल्या. लोलक परत चढले, वाट्या बसल्या, पेटीत चिरे परत भरले गेले. महेशचा फोन लागत नव्हता. स्नेहलनं शेवटी तो कमरेला खोचला आणि माळ्याच्या जिन्याशी जाऊन उभी राहिली. गाव जमला होता. उद्या दसऱ्याला याच झुंबराखाली सगळे सोनं लुटणार, ते आज चढायलाच हवं होतं.

गुरवांनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज खंडेनवमीच्या दिवशी, तुझ्या दरबारातला ह्या झुंबर, खालच्या वाडीच्या गावड्यांच्या घरातल्या..." इथं गुरव थांबले. "कोणाच्या हातान म्हणू?"

एकदा गाऱ्हाण्यात नाव घेतलं की ते देवासमोर घेतलं, मग मागे नाही. हे तिथं मला कोणी सांगायला नको होतं. सगळ्यांच्या माना वळल्या त्यातच कळलं. दाजींनी आबांकडे बघितलं. सकाळी दिलेला शब्द होता तो.

आबा सावकाश पान चघळत होते. "माझ्याकडे कित्याक बघतंस?" ते म्हणाले. "मी वरसून दरबार बघून इलंय आज. बरो आसा. माका परत जावचा नाय." लोक हसले. आबा हसले नाहीत. "हयसर धा जणा होते. माका खाली कोणी आणल्यान? तेचा नाव घे."

दाजी सकाळसारखेच जमिनीकडे बघू लागले. मला वाटलं, हा माणूस परत "वाद नको" म्हणणार. मी सांगलीची, माझा इथं काडीचा संबंध नाही, तरी माझ्या मुठी वळल्या होत्या.

"घे नाव," दाजी म्हणाले. "माझ्या सुनेचा."

"सुनेचा म्हणजे?" गुरव म्हणाले. "देवाक नाव होया."

"स्नेहल," दाजी म्हणाले. मग घसा खाकरून, दरबारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "स्नेहल महेश गावडे."

"...तर ह्या स्नेहल महेश गावडे हिच्या हातान वर चढता हा रे म्हाराजा! काय चुकला माकला असात ता पोटात घाल, आणि सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

मीही ओरडले. घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला होता.

स्नेहल केव्हा वर गेली ते कळलंच नाही. चाक कुरकुरलं. झुंबर हललं, सगळे लोलक एकदम किणकिणले आणि ते उठलं. सकाळी ते धुळीचं ओझं होतं. आता त्यात खिडक्यांचा गुलाबी उजेड घुसला होता आणि ते वर जाईल तसे भिंतींवर, खांबांवर, लोकांच्या तोंडांवर रंगाचे तुकडे पळत होते. आबांच्या टोपीवर एक हिरवा तुकडा काही क्षण बसून गेला. मधेच ते थांबलं. दाजींचे दोन्ही हात खुर्चीत आपोआप दोर धरल्यासारखे उचलले गेले. "वेढो घेता ती," ते स्वतःशीच म्हणाले, "घेवक होयो." वर खुंटीला वेढा बसला असावा, कारण झुंबर पुन्हा चालू लागलं आणि शेवटचा हातभर सरळ जाऊन लाकडी फुलाखाली टेकलं. दहाही अवतारांवर एकदम उजेड पडला.

मी आजवर पुष्कळ दालनं बघितली. एवढा वेळ मान वर करून कुठंच उभी राहिले नव्हते.

आणि तेव्हाच ओसरीवर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. हॉटेलची काळी पँट, पांढरा शर्ट, घामानं भिजलेला एक माणूस धापा टाकत आत आला. "रवा! रवा! मी इलंय!"

स्नेहल जिन्यावरून उतरत होती. तळवे लाल झाले होते, ती ते पदराला पुसत होती.

महेशनं वर बघितलं. मग तिच्याकडे. मग बापाकडे. ती खुर्चीपाशी आली होती आणि दाजी गुरवांनी दिलेला नारळ तिच्या हातात ठेवत होते.

"मगे आता मी काय करू?" त्यानं विचारलं.

"ती बादली उचल," स्नेहल म्हणाली, "आणि रिठ्याचा पाणी परसात ओतून ये."

महेशनं बादली उचलली.